पोरांना खाली ने

२० डिसेंबर

दुपारी घरी पोचले. खांबांवरच्या आमच्या घराची शिडी चढून वर आले, पाठीवरची पिशवीही उतरवली नव्हती, तेवढ्यात आईने मातेओला माझ्या कडेवर ठेवलं. "घे. मुलांचंच शिकतेयस ना शहरात? मग कर इथे अभ्यास."

सगळे हसले. मीही हसले. आमच्या घरात सहावीच्या पुढे गेलेली मी एकटीच. बालवाडीची शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे, म्हणजे घरच्यांच्या हिशेबाने लहान मूल ही वस्तू माझ्याकडे देण्याची आहे. नवं वर्ष लागेपर्यंत तिघं माझी: कोलोनदादाची दानी (अडीच वर्षं), तिचा भाऊ मातेओ (नुकता चालायला लागलेला) आणि येसेनियाताईचा ईयान, जो मार्चमध्ये चार वर्षांचा होईल.

ताई माझ्या आधीच आली आहे. ईयानला घेऊन, भाऊजींशिवाय. सोबत दोन मोठ्या थैल्या. मी आवरायला मदत करत होते तर एकीत ईयानचे सगळेच कपडे निघाले, त्याला न होणारेसुद्धा, आणि लसीकरणाचं कार्ड. मी म्हटलं, "ताई, सणाला आलीस की बिऱ्हाड हलवलंस?" ती म्हणाली, "विसरायला नको म्हणून." ताई पहिल्यापासून घाबरट, गरजेपेक्षा जास्त सामान घेणारी.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं चिंधीने बांधलेली आहेत. ट्रकच्या दारात सापडली म्हणे.

जेवताना बाबा म्हणाले, "विल्तेरचा फोन होता. कोळंबीच्या खेपा संपल्या की येतो. नवं वर्ष झालं की दोघांना घेऊन जाईल." आई म्हणाली, "बरं झालं. लग्न झालेली मुलगी फार दिवस माहेरी राहिली की गावाचं तोंड सुटतं." ताईने ताटातलं केळं बारीक बारीक कुस्करलं आणि मातेओला भरवलं. मला वाटतं तिला इथे राहायचं आहे. सुट्टीपुरतं नव्हे. विचारायचा धीर झाला नाही.

२२ डिसेंबर

तीन मुलांना दिवसभर गुंतवून ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या प्राध्यापिकाबाईंना एकदा इथे आणून दाखवायला हवं. घराखाली, खांबांच्या मधल्या सावलीत मी चटई घातली आहे. बाटलीत मक्याचे दाणे भरून खुळखुळे केले. दानीने एक मातेओच्या डोक्यात घातला. मातेओने तिच्या दंडाचा चावा घेतला. ग्रिसेल्दावहिनी वरून धावत आली, तिने दानीला चापट दिली, दानीने मातेओला दिली, मातेओने कोंबडीच्या पिलाला. पिलू मेलं. वहिनी म्हणाली, "नार्सी, तुझं शिक्षण चालू दे, पण माझी कोंबडी मारू नकोस."

ईयान वेगळा आहे. खुळखुळा हातात घेऊन बसतो, वाजवत नाही. मी म्हटलं, "वाजव की." तो म्हणाला, "मावशी, मी शहाणा आहे."

दुपारी त्यानेच एक खेळ शिकवला. करवंट्यांची ताटं मांडली, त्यात माती वाढली, दानीला समोर बसवलं, आणि एकदम हाताने सगळं झटकून ओरडला, "थंड आहे!" दानी खिदळली. मग तिघांचं तेच सुरू झालं. मांडायचं, उधळायचं, ओरडायचं. मी त्याचा "गरम आहे, फुंकर मार" असा खेळ करायचा प्रयत्न केला, पण फुंकर मारण्यात कोणाला रस नव्हता. टीव्हीवर काय काय पाहतात मुलं!

ईयानला दहापर्यंत आकडे येतात, एकही न चुकता. या वयात! मी विचारलं, "कोणी शिकवले रे?" "पप्पांनी." भाऊजींबद्दल कोणी काही म्हणो, मुलासाठी वेळ काढतात.

एक गोष्ट मनाला लागली. ईयानला अंघोळ ताईच घालते, पडवीत पडदा लावून. मी घालते म्हटलं तर म्हणाली, "तुझा हात लागला की तो रडतो." तो तर माझ्याजवळ कधीच रडला नाही. कुणाजवळही रडला नाही.

२३ डिसेंबर

आज डुक्कर कापलं. आईने पहाटेच हुकूम सोडला, "नार्सी, पोरांना खाली ने. नाही, खाली नको, खालीच कापायचंय. ओढ्याकडे ने."

ओढा दूर आहे, पण डुकराचा आवाज तिथेही येतो. दादा आणि शेजारी पाय धरतात, बाबा सुरी घालतात. एका घावात जमलं तर बरं. आज जमलं नाही. मी मुलांना पाण्यात बसवून मोठमोठ्याने बेडकाचं गाणं म्हणत होते, टाळ्या वाजवत होते. मातेओ ऐकून रडायला लागला. दानीने कानांवर हात ठेवले. ईयान दगड पाण्यात ठेवत होता. तो वर न बघता म्हणाला, "तो ओरडतोय ना, म्हणून. गप्प बसला असता तर लवकर संपलं असतं."

लहान मुलं कारण आणि परिणाम उलटे जोडतात, हे आम्हाला शिकवलेलं आहे. तरी मला गाणं पुढे सुचेना.

परतलो तेव्हा अंगणात रक्ताचं तसराळं होतं आणि आई त्यात मीठ घालून ढवळत होती. ती म्हणाली, "एवढं काय लपवायचं? खाणार आहेत तीच पोरं." तिचंही खरं आहे.

२६ डिसेंबर

नाताळ झाला. दादा पिऊन शेजाऱ्याशी भांडला आणि कुंपणाचा बांबू त्याच्या पाठीत मोडला. सकाळी दोघांनी मिळून दुसरा बांबू लावला. मातेओच्या केसांत फटाक्याची ठिणगी पडली, मी हातानेच विझवली. माझा तळहात भाजला, त्याचं डोकं नाही.

काल दानीने बाबांचा कॉफीचा पेला लवंडला. बाबांनी पट्टा काढला आणि एक ओढला. एकच. पोटरीवर वळ उठला. मी म्हटलं, "बाबा, तिला अडीच वर्षं झालीत." बाबा म्हणाले, "तू अडीचची होतीस तेव्हा तुलाही दिलाय. बिघडलीस का? कॉलेजात गेलीस."

२७ डिसेंबर

आज दिवस चांगला गेला. मला एक कल्पना सुचली.

जुन्या वर्षाचा म्हातारा घरातली मोठी माणसं करतात. त्याला भुसा भरायचा, जुने कपडे घालायचे, एकतीस तारखेला पट्ट्याने झोडपून वर्षाचा राग काढायचा आणि बाराच्या ठोक्याला जाळायचा. लहान मुलं तोवर झोपलेली असतात. म्हणून मी मुलांचा वेगळा म्हातारा करायचं ठरवलं. छोटा, दिवस मावळताना जाळायचा. दिवसभर आम्ही तेच केलं. दानीने भुसा भरला (थोडा खाल्ला), मातेओने कागदाच्या लगद्याचा मुखवटा थापटला, ईयानने बटणाचे डोळे लावले.

कपडे प्रत्येकाकडून मागायचे होते. दादाने फाटकी विजार दिली, बाबांनी टोपी. ताईला म्हटलं, ईयानच्या पप्पांचं काही आहे का. ती आत गेली आणि पांढरा शर्ट घेऊन आली. इस्त्री केलेला, खिशावर निळी रेघ. भाऊजी रविवारी चर्चला घालतात तो.

"ताई, हा चांगला आहे."

"चांगलाच द्यायचा."

"भाऊजी रागावतील ना गं."

"त्यांच्या थैलीतून चुकून माझ्या थैलीत आला होता," ती म्हणाली, आणि स्वतः म्हाताऱ्याला घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली. इतकी हसताना तिला मी आल्यापासून पाहिलं नव्हतं.

मला मात्र रुखरुख लागली. आमच्याकडे मेलेल्याचे किंवा फाटके कपडे घालतात. जिवंत माणसाचा वापरातला कपडा घालणं म्हणजे त्यालाच जाळणं. ताईला हे माहीत नाही असं कसं होईल? पण मुलं इतकी खूश होती की मी काही बोलले नाही.

२८ डिसेंबर

भाऊजी आले. ट्रक रस्त्यावर उभा करून हातात खेळणी, केक, आईला साडेतीन वार कापड. आज भोळ्यांचा दिवस, म्हणजे कोणालाही फसवावं आणि फसणाऱ्याने हसावं. ते शिडीखालीच उभे राहून ओरडले, "येसे! सामान बांध! आत्ताच्या आत्ता निघायचंय, मालकाने बोलावलंय!" ताईच्या हातातलं भांडं सुटलं, शेंगदाण्यांचं कूट सगळीकडे. भाऊजी टाळी वाजवून म्हणाले, "फसलीस! भोळी कुठली!" आम्ही सगळे हसलो. ताई जमिनीवर बसून कूट गोळा करत राहिली. माती मिसळलेलं कूट काय उपयोगाचं?

मग त्यांना म्हातारा दिसला. बराच वेळ बघत उभे राहिले.

"छान शर्ट आहे," ते म्हणाले. "कोणी दिला?"

मी घाबरून म्हणाले, "मीच मागितला, भाऊजी."

"अहो मास्तरीणबाई, तुम्ही मागितला. पण दिला कोणी?"

ईयान म्हणाला, "मी बटणं लावली." भाऊजींनी त्याला उचलून खांद्यावर बसवलं आणि म्हणाले, "असू दे, असू दे. माझ्यापेक्षा त्यालाच शोभतो." मोठ्या मनाचे आहेत. मी उगीच घाबरले.

२९ डिसेंबर

ताईच्या उजव्या कानामागे केस नाहीत. मूठभर जागा, लाल. ती म्हणाली, मातेओने च्युइंगम चिकटवलं, कापावं लागलं.

मातेओला च्युइंगम कोणी दिलं? एवढ्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. मी घरात सगळ्यांना विचारलं. वहिनी म्हणाली दिलं नाही, दादा म्हणाला दिलं नाही. कोणीतरी खोटं बोलतंय. केस कापलेले दिसत नाहीत, उपटलेले दिसतात. हे लिहून मी थांबले आहे. दानी वही ओढते आहे.

३० डिसेंबर

ताई विहिरीवर एकटी भेटली. मी विचारलं, "ताई, सगळं ठीक आहे ना?" ती म्हणाली, "तुझं कॉलेज कधी सुरू होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तुझी खोली केवढी आहे?" मी म्हटलं, एक पलंग आणि खिडकी. ती म्हणाली, "खिडकी आहे, हे चांगलं." आणि बादली उचलून निघाली.

आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "नवरा-बायकोत डोकं घालू नकोस. तू पोरं सांभाळ."

१ जानेवारी

कालचं लिहायचं आहे. क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

ऊन उतरल्यावर सगळे अंगणात जमलो. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं. दादाने त्याच्या पोटात फटाके खोचले. मग नेहमीचं सुरू झालं: एकेकाने पट्टा घ्यायचा, वर्षाने काय वाईट केलं ते सांगायचं आणि हाणायचं. आईने पहिला मारला, "हा माझ्या गुडघ्यांसाठी, मेल्या!" दादाने मारला, "हा मेलेल्या वासरासाठी!" वहिनीने दोन मारले आणि कशासाठी ते सांगितलं नाही, तेव्हा सगळे दादाकडे बघून हसले. दानीने काडीने मारलं. मातेओला मी हात धरून मारायला लावलं. हे मी केलं.

मग ईयानची वेळ आली. भाऊजींनी स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून त्याच्या हातात दिला. "चल वाघा! माझाच शर्ट आहे त्याच्या अंगात, लाजू नको. हाण!"

ईयानने पट्टा घेतला. म्हाताऱ्याकडे बघितलंही नाही. पट्टा नीट दुमडला आणि भाऊजींच्या हातात परत दिला, बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवून. मग घराच्या खांबाशी गेला, खांबाला मिठी मारली आणि एका हाताने शर्ट मानेपर्यंत वर ओढला.

"एक," तो म्हणाला.

आणि थांबला. काही झालं नाही, तेव्हा त्याला वाटलं असावं की आपण हळू बोललो. तो मोठ्याने म्हणाला, "एक!"

त्याच्या पाठीवर वळ होते, जुने आणि नवे. त्यांच्या मधेमधे चौकोनी खुणा होत्या, बक्कलएवढ्या.

मला त्याचे आकडे आवडले होते. मी वहिनीला बोलावून म्हणून दाखवायला लावले होते.

भाऊजी हसले. "बघा, नाटकी आहे पोरगा. आईवर गेलाय." एवढंच बोलले, आणि दादा त्यांच्या अंगावर पडला. दोघं म्हाताऱ्यावर कोसळले. दादाने त्यांचं तोंड जमिनीवर आपटलं, पुन्हा आपटलं. भाऊजींनी दादाच्या कानात दात रोवले. दादाने कोयता ओढला आणि पात्याच्या सपाट बाजूने हाणत सुटला, पाठ, खांदे, तोंड. कोणाचा तरी पाय लागून अंगणातल्या चुलीतलं लाकूड उडालं, भुसा पेटला, पोटातले फटाके फुटायला लागले आणि मुखवटा जळत मातेओच्या पायाशी येऊन पडला. आई किंचाळली, "नार्सी, पोरांना खाली ने!"

आम्ही खालीच होतो. त्याच्याखाली जागा नव्हती.

ईयान खांब सोडत नव्हता. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो मला विचारत होता, "मावशी, आधी मामाची पाळी आहे का?"

१ जानेवारी, दुपार

मुलं झोपली आहेत. वर बोलणं चाललंय, फटींतून सगळं खाली ऐकू येतं.

भाऊजींचे पुढचे दात गेलेत. आईने त्यांना कोंबडीचं सूप करून दिलं, गार करून. दादाच्या कानाला वहिनीने टाके घातले, घरच्याच सुईने.

बाबा म्हणाले, "राग सगळ्यांनाच येतो, विल्तेर. मीही माझी पोरं मारलीत. पण बक्कल? बक्कल माणूस मुठीत धरतो."

"चुकलं, सासरेबुवा."

"बायकोलाही?"

"चुकलं म्हणालो ना."

"मग देवमातेसमोर सांग. पुन्हा बक्कल लावणार नाही."

त्यांनी देवमातेच्या तसबिरीवर हात ठेवला आणि सांगितलं. बक्कल लावणार नाही. आई रडली आणि म्हणाली, "झालं, मिटलं." उद्या जेवून निघायचं ठरलं आहे.

माझ्या लहानपणी बक्कल नेहमी बाबांच्या मुठीत असायची. मला वाटायचं पट्टा धरायची तीच रीत आहे. ती दया होती हे आज कळलं.

ताई खाली येऊन माझ्याजवळ बसली. मी विचारलं, "तुला जायचंय का?" तिने झोपलेल्या ईयानच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं, नार्सी. लग्नातसुद्धा नाही. उत्तर तयार नाहीये." आणि वर गेली, सामान बांधायला.

बोलायला हवं. मी काय बोलणार? घरभाडं दादा पाठवतो, फी बाबा भरतात. मला भीती वाटते, ती याचीही आहे. हे खोटं लिहून चालणार नाही.

३ जानेवारी, पोर्तोव्हिएहो, माझी शहरातली खोली

उजव्या हाताने नीट लिहिता येत नाही, अक्षर वाईट येईल.

काल जेवणं झाली. आईने भाऊजींसाठी केळीच्या पानात चीज बांधलं. मग नेहमीचं वाक्य, "नार्सी, पोरांना खाली ने, ताईला तयार होऊ दे." मी तिघांना घेऊन खाली चटईवर बसले. करवंट्या मांडल्या. कोणी खेळलं नाही.

भाऊजींनी थैल्या ट्रकमध्ये टाकल्या आणि आले. "चल वाघा." तोंड सुजल्यामुळे शब्द फुगून येत होते.

ईयान उठला. खरंच उठला, शहाण्यासारखा. मीही उभी राहिले. तो दोन पावलं गेला, मग मागे फिरून माझ्या पाठीमागे आला आणि माझ्या गुडघ्याच्या मागच्या खोबणीत डोकं खुपसलं.

मी म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"तो येणार नाही."

"मास्तरीणबाई, बाजूला व्हा. पोरगा कोणाचा आहे?"

"तो येणार नाही, भाऊजी." मला दुसरं वाक्यच सुचत नव्हतं. दोन वर्षं कॉलेजात शिकून हे एक वाक्य.

ते पुढे आले नाहीत. वर बघून त्यांनी हाक मारली, "सासरेबुवा! बघा तुमची शिकलेली!"

बाबा शिडी उतरून आले. "नार्सी, सोड त्याला. मी शब्द दिलाय."

"तुमचा शब्द आहे, बाबा. पाठ त्याची आहे."

असं मी बाबांशी कधी बोलले नव्हते. बाबांनी पट्टा काढला. मी ईयानला पोटाशी घेऊन वाकले. पहिला खांद्यावर बसला. दुसरा हातावर, तिसरा हातावर. दानी किंचाळत होती, मातेओ किंचाळत होता. माझ्या झग्यात तोंड घालून ईयान मोजत होता. माझे मोजत होता. बक्कल बाबांच्या मुठीत होती, मी पाहिलं. दुखतं ते तेवढंच दुखतं.

मग एक आवाज झाला, जाड फांदी मोडावी तसा.

ताई उभी होती. पायात बूट, केस वर बांधलेले, कानामागची लाल जागा सगळ्यांना दिसेल अशी. हातात भात सडायचं मुसळ. बाबांचा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता आणि पट्टा मातीत पडला होता.

"येसे!" आई वरून ओरडली. "बाप आहे तुझा!"

"म्हणून आधी त्यांना," ताई म्हणाली.

मग ती भाऊजींकडे वळली. ते हसत हात पुढे करून म्हणाले, "आण ते इकडे, वेडी." तिने त्याच हातावर घातलं. ते खाली बसले. तिने खांद्यावर घातलं. ते रांगायला लागले, ती मागून चालत गेली आणि घालत गेली, घाई न करता, घरी भात सडते तशी. मी तिला थांबवलं नाही. मला थांबवायचंच नव्हतं. तिने ट्रकची काच फोडली, थैल्या ओढून काढल्या आणि म्हणाली, "जा. डोक्यात घालायचं राहिलंय, ते राहू दे." एका हाताने गाडी चालवत ते गेले. दादा कुंपणाशी उभा होता, तो जागचा हलला नाही.

आईने बाबांचा हात पंच्याने बांधला. आमच्याकडे न बघता म्हणाली, "पुन्हा येऊ नका." आम्ही रस्त्याला लागलो तर धापा टाकत मागून आली. केळीच्या पानातलं चीज तिने ताईच्या थैलीत कोंबलं. "पोराला बसमध्ये भूक लागेल," म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, "येऊ नका."

दानी आमच्यामागे येत होती. तिला आईने उचलून नेलं. दानीचं काय, हा प्रश्न मी इथे लिहून ठेवते, कारण बसमध्ये बसल्यापासून तो मला विचारता आलेला नाही.

७ जानेवारी

कॉलेज उद्यापासून. फी कशी भरायची ते माहीत नाही. ताईला खानावळीत भांडी घासायचं काम मिळालं आहे. भाऊजींचे फोन येतात, ती उचलत नाही. घरमालकीण म्हणते, पोर किती गुणी आहे, आवाज म्हणून नाही.

आज सकाळी मी एकटी ईयानजवळ होते. तो दार उघडून रस्त्यावर पळाला. बस येत होती. मी त्याला दंडाला धरून आत खेचलं. त्याने माझ्या सुजलेल्या हातावर लाथ मारली. माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि पुन्हा दिसायला लागलं तेव्हा माझा दुसरा हात वर होता.

ईयान माझ्याकडे बघत उभा होता. त्याने डोळे मिटले नाहीत, पळाला नाही. त्याचे ओठ पहिल्या आकड्यासाठी तयार झाले होते.

हात मी खाली आणला. यायला वेळ लागला, हे मला लिहायलाच हवं.

ताई कामावरून आली तेव्हा तिला सांगितलं. ती बूट काढत होती. म्हणाली, "मूठ होती की उघडा होता?"

मी म्हणाले, "ताई, असं विचारू नकोस."

तिचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. नाडी सोडून तिने बूट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "नाही विचारणार."

ईयान भिंतीला टेकून आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघत होता, कोण आधी उठतं ते पाहायला. कोणी उठलं नाही. तो अजून थोडा थांबला. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला, भोकाड पसरून, पाय आपटून, अंगातला सगळा आवाज काढून. घरमालकीण पलीकडून भिंतीवर ठोकायला लागली.

आम्ही त्याला गप्प केलं नाही.